आईचा गुडघा, आईची पॉलिसी : प्रकल्प नोंदी

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं, हे आज मिरजेत पक्कं झालं. डावाही लागणार आहे, पण आधी उजवा. डॉक्टरांनी उभं राहून काढलेला एक्स-रे लावून दाखवला. सांध्याच्या आतल्या बाजूची फट उरलेलीच नाही, हाड हाडाला टेकलंय. ग्रेड फोर, म्हणजे झिजेची शेवटची पायरी. गेल्या वर्षीच्या झोपून काढलेल्या एक्स-रेत थोडी फट दिसत होती, पण वजन पडलं की ती मिटते, म्हणून गुडघ्याचा एक्स-रे उभ्यानेच काढायचा असतो. गोळ्या, जेल, इंजेक्शनं सगळं करून झालंय. आता त्यात आणखी वेळ घालवू नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

ही वही ठेवायचं कारण असं की दोन कामं एकमेकांत अडकली आहेत. एक, ऑपरेशन. दुसरं, आईची आरोग्य विम्याची पॉलिसी बदलणं, ज्याबद्दल आम्ही उन्हाळ्यापासून बोलतोय. पॉलिसी डिसेंबर २०१९ मध्ये घेतलेली आहे आणि नूतनीकरणाची तारीख ८ डिसेंबर. आधी कुठलं करायचं, हे नीट ठरवलं नाही तर एका कामाचा फटका दुसऱ्याला बसेल.

आजची स्थिती: आई ६७ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मधुमेह आणि बीपी दोन्ही, दोन्हीच्या गोळ्या चालू. वजन ७४ किलो. उजवा गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो आणि पूर्ण सरळ होत नाही, दहा अंश कमी पडतात. एचबीए१सी ८.४. डॉक्टरांची अट आहे की तो ७.५ च्या खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही. साखर चढलेली असली की जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि धातूचा सांधा बसवल्यावर तिथे संसर्ग झाला तर तो नुसत्या गोळ्यांनी जात नाही. कधी कधी बसवलेला सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. एचबीए१सी म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, त्यामुळे आज पथ्य सुरू केलं तरी आकडा डिसेंबरच्या आसपासच खाली दिसेल.

म्हणजे शरीराला डिसेंबर लागणार आणि पॉलिसीची तारीखही डिसेंबरचीच. हे जुळून आलंय, त्याचा उपयोग करून घ्यायचा.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळी पॉलिसी वाचून काढली. आजवर आमच्या घरी कुणी ती पहिल्या पानापलीकडे वाचली नव्हती. बहुतेक घरांत असंच असतं.

विम्याची रक्कम ३ लाख, क्लेम न केल्याचा साठलेला बोनस ६० हजार. खोलीचं भाडं दिवसाला रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयांपर्यंत. पॉलिसी घेताना वय साठच्या पुढे होतं, म्हणून प्रत्येक क्लेमला २० टक्के को-पे, म्हणजे तेवढे पैसे आपण भरायचे. सांधेबदलाचा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळायच्या आधी थांबायची मुदत, ४८ महिने, तो केव्हाच संपला. मधुमेह-बीपीचाही संपला.

थोडक्यात, आज आई दाखल झाली तरी क्लेम मिळेल, फक्त कापाकापी होऊन मिळेल. ही जमेची बाजू सगळ्यात मोठी आहे. पॉलिसी बदलण्याच्या भरात ती हातची जाता कामा नये.

१७ सप्टेंबर, बुधवार

हॉस्पिटलने खर्चाचा अंदाज लेखी दिला. स्वतंत्र खोली (४,५०० रु. रोज), चार दिवस, एक गुडघा: २,१०,०००. दोन्ही गुडघे एकाच वेळी: ३,८५,०००. साखर आणि बीपी पाहता डॉक्टर दोन्ही एकदम करायला तयार नाहीत, त्यामुळे दुसरा आकडा बाजूला.

त्या २,१०,००० ची फोड मागून घेतली. इम्प्लांट ५७ हजार, औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू ३८ हजार, तपासण्या १० हजार. बाकीचे १,०५,००० म्हणजे खोली, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग.

फोड मागायचं कारण प्रमाणशीर कपात. खोलीचं भाडं मर्यादेच्या वर गेलं की कंपनी फक्त वरचे दीड हजार कापून थांबत नाही, खोलीशी जोडलेले सगळे खर्च त्याच प्रमाणात कापते. ४,५०० च्या खोलीला ३,००० ची मर्यादा म्हणजे दोन तृतीयांश. त्यामुळे १,०५,००० पैकी ७०,००० च धरले जातील. इम्प्लांट, औषधं, वापरायच्या वस्तू आणि तपासण्या यांना मात्र ही कपात लावता येत नाही, विमा नियामकाने ते नियमातच घातलंय. तेव्हा ७० हजार अधिक १,०५,०००, म्हणजे १,७५,०००. त्यावर २० टक्के को-पे, हातात १,४०,०००. आपल्या खिशातून ७० हजार.

दोघांच्या खोलीत (३,००० रु.) ठेवलं तर या हॉस्पिटलचे बाकीचे दरही उतरतात. एकूण १,८८,०००, कपात नाही, को-पे ३७,६००. हा पर्याय वाईट नाही. पण बाबा स्वतंत्र खोलीवर ठाम आहेत. संसर्गाची भीती त्यांच्या मनात बसली आहे आणि मलाही ती चुकीची वाटत नाही.

इम्प्लांटच्या किमतीवर घासाघीस करायची गरज पडली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली: कोबाल्ट-क्रोमियमला ५४,७२० रुपये, टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमला ७६,६००, जीएसटी वेगळा. त्याआधी साध्या कोबाल्ट-क्रोमियमचीच सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या पुढे होती. आमच्या शेजारच्या काकूंचं ऑपरेशन त्याच्या आधीचं, त्यांचं बिल आठवलं की हा निर्णय किती लोकांच्या उपयोगी पडला ते कळतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आजपासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. गेल्या वर्षी हप्ता २०,००० आणि वर १८ टक्के धरून २३,६०० भरले होते. यंदा कंपनीने मूळ हप्ता २१,५०० सांगितलाय, तरी एकूण भरायचे कमीच. साठीच्या पुढच्यांचा हप्ता नियामकाच्या परवानगीशिवाय वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हा नियमही याच वर्षीच्या जानेवारीतला. ज्येष्ठांच्या बाबतीत एवढं तरी झालं.

आई नऊ दिवसांचा उपवास करणार नाही. स्वतःहून म्हणाली, "साबुदाण्यानं साखर चढते, आता देवीला ठाऊक आहे सगळं."

२७ सप्टेंबर, शनिवार

पोर्टिंगचे, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचे, नियम एका कागदावर उतरवले आणि फ्रिजवर लावले, म्हणजे बाबांनाही दिसतील.

अर्ज नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस, पण ६० दिवसांच्या आत. आपल्यासाठी ९ ऑक्टोबर ते २४ ऑक्टोबर. यात वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळी दिवाळी येते. कार्यालयं बंद, एजंट गावाला. म्हणून अर्ज ९ तारखेलाच.

अर्ज आल्यावर जुन्या कंपनीने ७२ तासांत आधीची सगळी माहिती द्यायची आणि नव्या कंपनीने ती मिळाल्यापासून पाच दिवसांत हो किंवा नाही कळवायचं.

जुन्या पॉलिसीत भोगून झालेला वेटिंग पिरियड नव्या कंपनीत मोजला जातो, पण जुनी रक्कम अधिक बोनस एवढ्यापुरताच. आपल्या बाबतीत ३ लाख ६० हजार. नवी पॉलिसी ५ लाखांची घेतली तर वरच्या १ लाख ४० हजारांना वेटिंग पिरियड पहिल्यापासून. एप्रिल २०२४ पासून ही मुदत कुठल्याही कंपनीला ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पोर्ट मान्य करणं नव्या कंपनीवर बंधनकारक नाही. जुनी पॉलिसी चालू ठेवणं मात्र आपला हक्क आहे, क्लेम झाले म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. तेव्हा नव्याचं लेखी पत्र हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी एक दिवसही खंडित होऊ द्यायची नाही.

बाबा ७३ चे आहेत, त्यांचं ७० वर्षांवरच्यांसाठीचं सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून झालंय. आईला त्याला अजून तीन वर्षं आहेत आणि गुडघा तितकं थांबणार नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. फिजिओथेरपिस्ट ताई घरी येऊन व्यायाम शिकवून गेल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गादीत दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच गादीवरून ओढत जवळ आणायची. घोटा वरखाली. आणि हातांचे व्यायाम, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं, कारण ऑपरेशननंतर पहिले काही दिवस वॉकरवर भार हातांनी पेलायचा असतो. मांडीचा पुढचा स्नायू जितका मजबूत होऊन टेबलवर जाईल, तितकी आई लवकर स्वतःच्या पायावर उभी राहील, असं त्या म्हणाल्या. दुखतंय म्हणून आईने दोन वर्षांत चालणं कमी केलं होतं, त्यात तो स्नायू वाळलाय. टेप लावून दाखवलं तर उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटरने बारीक भरली.

आईला फार लागलं ते. शाळेत असताना ती सहलीला पोरांच्या पुढे रायगड चढायची.

संध्याकाळी सोनं देऊन झाल्यावर आईने एकदाचा तो प्रश्न विचारलाच. "म्हणजे मला पाटावर बसून पूजा करता येणार नाही होय?" खाली मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं टाळायचंय. देवघर वर घ्यावं लागेल. ती काही बोलली नाही, पण बाबांनी लगेच सुताराला फोन लावला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन कंपन्यांकडे पोर्टचे अर्ज गेले. दोन्हींच्या पॉलिसीत को-पे नाही आणि स्वतंत्र खोलीला मर्यादा नाही.

अर्जात एक प्रश्न असतो: कुठली शस्त्रक्रिया सुचवली आहे का? एका एजंटने फोनवर सुचवलं की तिथे "नाही" लिहा, गुडघेदुखी वयाप्रमाणे असं म्हणा, नाहीतर अर्ज उडेल. मी "हो" लिहिलं. १२ सप्टेंबरची चिठ्ठी, एक्स-रे, साखरेचे रिपोर्ट, सगळं जोडलं. मिरजेच्या हॉस्पिटलच्या केसपेपरवर सप्टेंबरची तारीख आहे. डिसेंबरात क्लेम गेला की कंपनी तो केसपेपर मागणारच. माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला, वर पॉलिसीही रद्द झाली, तर सहा वर्षं सलग भरलेल्या हप्त्यांनी कमावलेलं सगळं जाईल, आणि तेही आई हॉस्पिटलच्या खाटेवर असताना. ज्या एजंटांना हा सल्ला देताना काही वाटत नाही, त्यांच्यापाशी आपल्या आईवडिलांचे कागद देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पहिल्या कंपनीचं उत्तर: नाकारला. कारण एका ओळीत, शस्त्रक्रिया नियोजित. अपेक्षित होतं, तरी वाचून वाईट वाटलंच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. फराळ घरीच, पण आईने उंच स्टुलावर बसून फक्त चकल्या पाडल्या, तळण वहिनीने केलं. चकलीची सोऱ्या फिरवताना ती टाच जमिनीवर दाबून मांडीचा स्नायू ताणत होती, एक चकली पाडून होईपर्यंत धरायचा आणि सोडायचा. ताईंनी सांगितलेला व्यायाम तिने आपल्या हिशोबाने कामात बसवलाय.

लाडू तिने एकही खाल्ला नाही. सकाळची उपाशीपोटीची साखर १३१. सप्टेंबरात ती १७० च्या पुढे असायची.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पोर्टची मुदत आज संपली. दुसऱ्या कंपनीचं पत्र कालच्या भाऊबीजेला आलं: प्रस्ताव पुढे ढकलला, ऑपरेशन होऊन सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा. हे पहिल्या नकारापेक्षा बरं. निदान दार बंद केलेलं नाही.

रात्री दादाशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. त्याचं म्हणणं, आता जुन्यातच करून टाकू, सत्तर हजार आपण दोघं घालू. मी म्हटलं, पैशाचं ठीक आहे, पण डावा गुडघाही आहे. आणि त्याच्या पुढेही आई आहे. को-पे दर वेळी जाणार.

इतरांसाठी एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हेच चाललंय. पॉलिसी बदलायची असेल तर आईवडिलांच्या फाइलमध्ये "ऑपरेशन सुचवलं" हे शब्द येण्याच्या आधीची वर्षं त्यासाठीची असतात. तेव्हा सगळं खरं सांगून पोर्ट मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. पंचावन्न-साठीचे आईवडील ज्यांच्या घरी आहेत त्यांनी यंदाच्या नूतनीकरणाआधीच पॉलिसी उघडून को-पे आणि खोलीभाड्याची ओळ शोधावी.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

जुन्या कंपनीच्या सांगलीच्या शाखेत गेले. कंपनी न बदलता त्याच कंपनीची दुसरी पॉलिसी घेण्याची सोय असते, तिला मायग्रेशन म्हणतात. तिथेही भोगलेला वेटिंग पिरियड पुढे धरला जातो. ही वाट बहुतेक एजंट सांगत नाहीत.

शाखेतल्या बाईंनी खूप मदत केली. त्यांच्याकडे एक पॉलिसी आहे: ५ लाख, स्वतंत्र एसी खोली, को-पे नाही, आईच्या वयाला हप्ता ३३,०००. जुन्यापेक्षा साडेअकरा हजार जास्त. मी विचारलं, गुडघ्याचं ठरलंय हे माहीत असून कंपनी देईल? त्या म्हणाल्या, सहा वर्षं सलग पॉलिसी आहे, एकही क्लेम नाही, सगळे कागद लावून पाठवू, निर्णय वरून येईल. मी तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं ईमेलवर हवीत असं सांगितलं: ३ लाख ६० हजारांपर्यंत सांधेबदलाचा वेटिंग पिरियड पूर्ण धरणार का, त्या रकमेला को-पे लागणार का, आणि नव्या पॉलिसीला असतो तो पहिल्या तीस दिवसांचा वेटिंग पिरियड लागणार का.

रोबोटिक ऑपरेशनबद्दलही पाहिलं. या पॉलिसीत रोबोटिकला विमा रकमेच्या निम्म्यापर्यंतची वेगळी मर्यादा आहे. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आईच्या गुडघ्याला नेहमीच्या पद्धतीने मी उत्तम करतो, त्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका. विषय संपला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बाथरूमचं काम सुरू. खालच्या मजल्यावर भारतीय बैठकीचा संडास होता, तो काढून कमोड. गवंड्याला नेहमीच्या उंचीचा बसवायचा होता, पण आईच्या उंचीला साधारण अठरा इंच लागतो, म्हणून खाली चौथरा घेतला. कमोडच्या उजव्या भिंतीला एक दांडी, नळाजवळ दुसरी. बाथरूमच्या दारातला चार इंचांचा उंबरा फोडून उतार केला. पाणी बाहेर येईल म्हणून गवंडी तयार नव्हता, शेवटी आत जाळीजवळ उतार वाढवून दिला. वॉकरचे चार पाय एकदम उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवणं, तेही ओल्या फरशीवर, हा धोका घ्यायचाच नाही.

देवघर आता भिंतीवर, खुर्चीत बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर. आईने काल पहिल्यांदा खुर्चीवर बसून पूजा केली. म्हणाली, "निरांजन दिसतं की इथनं नीट."

९ नोव्हेंबर, रविवार

दाताच्या डॉक्टरांकडे. खालच्या दाढेत पू होता, आईला फारसं दुखतही नव्हतं. ती काढली. तोंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात, म्हणून दात आधी बघायचे. लघवीची तपासणीही त्याच कारणाने, ती स्वच्छ आली. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत, त्याला मलम सुरू. ऑपरेशनच्या पायावर ओरखडासुद्धा चालत नाही, म्हणून बाबांनी अंगणातलं काटेरी बोगनवेल छाटून टाकलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मायग्रेशन मंजूर!

ईमेल तीनदा वाचला. ३ लाख ६० हजारांपर्यंत आधीची सगळी मुदत धरली, को-पे नाही, तीस दिवसांची अट नाही. वरच्या १ लाख ४० हजारांना सांधेबदलासाठी नव्याने वेटिंग पिरियड. उजव्या गुडघ्याला २ लाख १० हजार लागणार आहेत, ते यात बसतात. डावा पुढच्या पॉलिसी वर्षात, म्हणजे डिसेंबर २०२६ नंतर केला तर त्याला पुन्हा पूर्ण रक्कम उभी राहते. डॉक्टरांना विचारलं, डाव्याला वर्ष थांबता येईल का. उजव्यावर भार घेता आला की डावा तग धरेल, असं त्यांना वाटतं.

आता ऑपरेशनची तारीख ८ डिसेंबरच्या आधी घ्यायची नाही. दोन-तीन आठवडे थांबल्याने सत्तर हजार वाचतात आणि साखरेलाही तो वेळ हवाच होता. १६ डिसेंबर ठरली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

३३,००० भरले. पावती फाइलमध्ये.

वॉकर विकत घेतला, उंची मनगटाच्या रेषेला लावून. वॉकर, नी-ब्रेस, हातमोजे, डायपर असल्या वस्तू विम्यात धरल्या जात नाहीत, त्यांची ठरलेली यादीच आहे, म्हणून हॉस्पिटलच्या दुकानातून घेण्याऐवजी गावातून घेतला. आईला आत्तापासून घरात वॉकरवर चालायला लावलंय. ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन वस्तू शिकायला नको. सतरंज्या, पायपुसणी सगळी उचलली. पलंगाखाली लाकडी ठोकळे लावून तो उंच केला.

१ डिसेंबर, सोमवार

एचबीए१सी ७.३.

हिमोग्लोबिन ११.६, वजन ७१. गुडघा आता पाचच अंश कमी पडतो. आईने रिपोर्ट स्वतः वाचला, चष्मा काढला आणि आधी फिजिओ ताईंना फोन केला.

८ डिसेंबर, सोमवार

नवी पॉलिसी आजपासून लागू. प्रमाणपत्र आलं तसं ओळीने तपासलं. सलग विम्याची पहिली तारीख ८ डिसेंबर २०१९ हवी होती, छापली होती २०२५. लगेच शाखेत जाऊन १८ नोव्हेंबरचा ईमेल दाखवला. बाईंनी तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज घेतला आणि संध्याकाळी दुरुस्त प्रत आली. कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे टीपीएच्या, संगणकावर हीच तारीख दिसते. ती चुकीची राहिली असती तर पुढच्या आठवड्यात कॅशलेसला "वेटिंग पिरियड पूर्ण नाही" असं उत्तर आलं असतं. प्रमाणपत्र आल्या दिवशीच वाचायचं आणि ही तारीख सगळ्यात आधी बघायची.

११ डिसेंबर, गुरुवार

भूलतज्ज्ञांची तपासणी. ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्स-रे, रक्त. कमरेतून भूल देणार. साखर आणि बीपीच्या कुठल्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे त्यांनी आईच्या हातात लिहून दिलं. आईने त्याचा तक्ता करून कपाटावर चिकटवलाय, शाळेच्या वेळापत्रकासारखा.

१३ डिसेंबर, शनिवार

कॅशलेसचे कागद काल हॉस्पिटलच्या विमा डेस्कवरून गेले. सोबत एक्स-रे, सप्टेंबरची चिठ्ठी, जुनी पॉलिसी, मायग्रेशनचा ईमेल, दुरुस्त प्रमाणपत्र. नियमाप्रमाणे तासाभरात उत्तर यायला हवं आणि तसंच आलं. सुरुवातीची मंजुरी १,६०,०००, उरलेलं अंतिम बिलावर. डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीला तीन तासांची मर्यादा आहे, तेव्हा त्या दिवशी सकाळीच बिल पाठवायला डेस्कला सांगून ठेवलंय.

१५ डिसेंबर, सोमवार

आज दुपारी दाखल करायचं, उद्या सकाळी ऑपरेशन. जंतुनाशक साबणाने काल आणि आज अंघोळ झाली. नखं कापली, बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र बाबांच्या ताब्यात.

डॉक्टरांना आज विचारायचं: रक्त पातळ करायची गोळी किती दिवस, टाके कधी काढणार, आणि घरी येणाऱ्या फिजिओसाठी लेखी सल्ला डिस्चार्ज कार्डावरच द्याल का. तो असेल तर ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांच्या खर्चात फिजिओची बिलं लावता येतील, हे शाखेतल्या बाईंनी सांगितलंय. बिलांसाठी निळा फोल्डर, तो बाबांकडे. दादा उद्या पहाटेच्या गाडीने मिरजेला उतरतोय.